मुलांचे पहिले फिगर स्केट्स: दुकानात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

कॅनडात सप्टेंबर लागला की बर्फाच्या रिंकवरची नवी सत्रं सुरू होतात, आणि ऑगस्टच्या शेवटी स्केट्सच्या दुकानांत झुंबड उडते. तेव्हा मुलीचे किंवा मुलाचे पहिले खरे फिगर स्केट्स घ्यायचे असतील, तर जुलैअखेरीलाच फिटरची, म्हणजे माप घेऊन बूट बसवून देणाऱ्याची, वेळ ठरवून टाका. नवे बूट पायाला सरावायला काही आठवडे लागतात, तेही त्यात धरा. खोक्यात बंद जोडी नंबर बघून उचलायची, हे इथे चालत नाही. ऑनलाइन तर नकोच. पाय हातात घेऊन बघणारा माणूस समोर हवा.

निघण्यापूर्वी कोचशी बोला. मूल आत्ता काय करतंय आणि येत्या वर्षात काय करेल, हे दोनच प्रश्न विचारा, कारण बुटाचा कडकपणा त्यावर ठरतो. कॅनस्केट या कॅनडातल्या नवशिक्यांच्या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या स्टेजमधल्या, नुकतं पुढे-मागे सरकायला आणि दोन पायांवर गिरकी घ्यायला शिकलेल्या मुलाला मऊसर बूट पुरतो. सिंगल, म्हणजे हवेत एक फेरा घेणाऱ्या उड्या बसल्या, ॲक्सल या दीड फेऱ्याच्या उडीची तयारी चालू झाली, की घोट्याला जास्त आधार लागतो. डबल, म्हणजे दोन फेऱ्यांच्या उड्यांचा बूट आणखी कडक. पण "पुढे लागणारच आहे" म्हणून हलक्या वजनाच्या सात वर्षांच्या मुलाला डबलचा बूट घालू नका. त्याच्याकडून तो वाकतच नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, आणि गुडघा न वाकता फिगर स्केटिंग होत नाही. महागडा बूट घेऊनही मूल काठीसारखं ताठ उभं राहतं ते यामुळे. मुलाचं वजनही फिटरला सांगा. एकाच वयाच्या दोन मुलांना वेगवेगळा बूट लागू शकतो.

दुकानाची वेळ शक्यतो संध्याकाळची घ्या. दिवसभर खेळून पाय थोडा फुगलेला असतो, आणि सरावाच्या वेळीही तो तसाच असणार. आदल्या दिवशी नखं कापा. जुने किंवा भाड्याचे स्केट्स जिथे लागत होते, ती जागा पेनने पायावर खूण करून न्या. डॉक्टरांनी दिलेले इनसोल असतील तर तेही पिशवीत टाका. मोजे पातळ हवेत, एकच जोडी, किंवा स्केटिंगचे टाइट्स. बर्फावर जायचं म्हणून जाड लोकरी मोजे घालावेसे वाटतात, पण जाड मोज्यात पाय सरकतो, घामाने ओला होतो आणि उलट जास्त गार पडतो. आजीने प्रेमाने विणून पाठवलेले मोजे बूट काढल्यावर घालायला ठेवा, तेव्हा त्यांची खरी ऊब मिळते.

आता मापाचं. आपल्याकडे जूनमध्ये शाळेचे बूट घेताना वाढत्या पायाचे घ्यायची रीत आहे. पुढे कापूस कोंबला की वर्ष निघतं. स्केट्सच्या बाबतीत ही काटकसर अंगाशी येते. अमेरिकी मापात एक नंबर म्हणजे लांबीत साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक. दोन नंबर मोठा बूट घेतला तर पाय आत सतरा मिलिमीटर पुढे-मागे होणार, आणि त्या बुटाखाली जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं ब्लेड. पाय एकीकडे आणि ब्लेड दुसरीकडे गेलं की मूल पडतं, घाबरतं, आणि आपल्याला वाटतं त्याला जमत नाही. वाढीसाठी फार तर अर्धा नंबर सोडा, त्याहून जास्त नाही.

मुलाच्या रोजच्या बुटाचा नंबर दुकानात सांगूच नका. स्केट्सचा नंबर बहुधा त्याहून लहान निघतो, आणि कंपनीगणिक बदलतो. ओंटारिओची जॅक्सन, मिनेसोटातली रिडेल, इटलीच्या एडेआ आणि रिस्पोर्ट यांचे साचे निरनिराळे आहेत. एडेआ तर माप मिलिमीटरमध्येच देते. कुठली कंपनी चांगली, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. चवडा रुंद आणि टाच निमुळती असेल तर त्या घडणीला जुळणारा बूट चांगला, मग नाव कुठलंही असो. मैत्रिणीचे कुठल्या कंपनीचे आहेत यावर मूल अडून बसलं, तर त्याला दोन्ही घालून चालून बघू द्या. फरक त्याला स्वतःलाच कळतो.

फिटर मुलाला उभं करून दोन्ही पाय मोजतो ना, इकडे लक्ष ठेवा. बसल्यावर पाऊल आखूड आणि अरुंद दिसतं. दोन पावलांत थोडा फरक असतोच. मोठ्या पावलाचं माप धरायचं. लांबीइतकीच चवड्याची रुंदी मोजली गेली पाहिजे. लांबी बरोबर असून बूट रुंद असेल, तर नाड्या कितीही आवळल्या तरी पाय आत डोलतो.

बूट घातला की नाड्या बांधण्याआधी पाऊल पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवायला सांगा. टाचेच्या मागे एक पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच जागा हवी. तुमचं बोट सहज आत गेलं तर बूट मोठा आहे. मग टाच मागे ठोकून बसवायची आणि नाड्या बांधायच्या: बोटांपाशी सैलसर, पावलाच्या उंचवट्यावर आणि घोट्याच्या वळणावर घट्ट, वरच्या आकड्यांपाशी पुन्हा थोड्या सैल, म्हणजे नडगी पुढे झुकवता येते. आता मूल सरळ उभं राहिलं की सगळ्यांत लांब बोट पुढच्या टोकाला हलकेच लागलं पाहिजे. गुडघे वाकवले की तेच बोट मागे येऊन मोकळं होतं. बरेच पालक उभ्या स्थितीत "बोट लागतंय" ऐकून मोठा नंबर मागतात, आणि इथेच माप बिघडतं. गुडघे वाकवून पुन्हा विचारा. वाकल्यावरही बोटं दुमडलेली राहत असतील तर मात्र बूट खरोखर लहान आहे.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती टाच. फिटरला बुटाची टाच जमिनीशी धरून ठेवायला सांगा आणि मुलाला आतल्या आत टाच उचलायला लावा. ती जागची हलता कामा नये. हलली, तर उडीसाठी रेटा देताना पाय आधी बुटात वर येईल आणि बूट मागाहून; शिवाय महिन्याभरात टाचेला फोड ठरलेले. बूट नंतर गरम करून पायाच्या आकारात बसवता येतो, घोट्याच्या हाडापाशी आतून ताणून थोडा फुगवताही येतो, पण रुंद टाच अरुंद करता येत नाही. टाच बसत नसेल तर दुसरा साचा बघा, कितीही उशीर झाला तरी. गरम करण्याचं काम दुकानातच होऊ द्या, घरच्या ओव्हनमध्ये नको.

पंधरा-वीस मिनिटं बूट पायात राहू द्या. मुलाला पुस्तक द्या, उठबस करू द्या. मग काढून मोजे उतरवा आणि पाय बघा. सगळीकडे सारखा फिका लालसरपणा असेल तर ठीक. एकाच जागी गडद ठसा असेल, किंवा मुलाने मुंग्या आल्याचं सांगितलं, तर ती जागा फिटरला दाखवा. मुलं नव्या बुटांच्या आनंदात दुखणं लपवतात, म्हणून "दुखतंय का" विचारण्यापेक्षा "कुठे जास्त घट्ट आहे, बोट ठेवून दाखव" म्हणा.

सुरुवातीच्या बुटांना ब्लेड जोडूनच येतं. पुढच्या पायरीवर ते वेगळं घ्यावं लागतं, इंग्लंडच्या शेफील्डमधल्या जॉन विल्सन किंवा एमके या नावांचं बहुधा. ब्लेडची लांबी बुटाच्या तळाला जुळली पाहिजे. नव्या ब्लेडला वापरण्याजोगी धार बहुतेकदा नसते, ती लावून घ्या, आणि फिगर स्केट्स जाणणाऱ्याकडूनच. हॉकीच्या स्केट्सची सवय असलेला हात ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते, म्हणजे टो-पिक, घासून टाकू शकतो. त्यानंतर वीस-तीस तासांच्या सरावाला एकदा धार पुरते.

वापरलेली जोडी स्वस्तात मिळत असेल तर घोट्याच्या वळणावर बघा. तिथे खोल घडी पडली असेल, बूट टेबलावर ठेवल्यावर आतल्या बाजूला कलत असेल, तर तो संपला आहे. धार लावून लावून ब्लेड झिजलेलं असेल तरी सोडा.

बाकी सामान थोडं आहे. चालताना ब्लेडवर घालायचे कडक गार्ड, घरी ठेवताना कापडी खोळ, पुसायला टॉवेल. कडक गार्ड चढवून बॅगेत ठेवलेलं ब्लेड गंजतं. कॅनस्केटच्या पाचव्या स्टेजपर्यंत सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेच्या शिक्क्याचं हॉकी हेल्मेट सक्तीचं आहे. एक छोटा स्क्रूड्रायव्हर बॅगेत असू द्या आणि पहिल्या काही सरावांनंतर ब्लेडचे स्क्रू तपासा, ते ढिले होतात. मुलाचे घोटे सरळ रेषेत राहत नाहीत असं दिसलं, तर मुलाला "नीट उभा राहा" म्हणण्याआधी बूट घेऊन फिटरकडे जा. ब्लेड अर्धा-एक मिलिमीटर सरकवून बसवल्यानेही फरक पडतो.