आधी कॉल शीट, मग खुर्ची

डेली सोपवर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी मुख्यतः कॉल शीट काढली. उद्या कुठले सीन, कोणाला किती वाजता मेकअपला बसवायचं, कोण लवकर सुटणार. संध्याकाळी सगळं जुळवावं आणि रात्री एखाद्या कलाकाराची डेट फिरली की पुन्हा पहिल्यापासून. गोष्टी सांगायला आलो आणि कारकुनी करतोय, असं वाटायचं.

एकदा एकाच सेटवरचे दोन सीन मी वेगवेगळ्या दिवशी लावले. सेट दोनदा उभारावा लागला. आमचे ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, ओरडले नाहीत. त्या दिवसाचा जास्तीचा खर्च त्यांनी माझ्याकडूनच मांडून घेतला. ओरडले असते तर बरं, असं तेव्हा वाटलं!

अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या तर जेमतेम 22 मिनिटं उरतात. आठवड्याला 6 भाग म्हणजे 2 तासांहून जास्त फुटेज, दर आठवड्याला जणू एक सिनेमा. म्हणून ‘बँक’ लागते, म्हणजे तयार भागांचा साठा. बँक आटली की लेखक रात्री लिहितो, सकाळी शूट होतं, संध्याकाळी एडिट. चुका मग थेट टेलिकास्टलाच दिसतात. कल्पना सुचणारे पुष्कळ भेटतील; बँक सांभाळणारा माणूस मात्र निर्माते हातचा जाऊ देत नाहीत.

व्हेरिटी लॅम्बर्ट यांची वाट मला फार जवळची वाटते. ब्रिटनमध्ये टेलिव्हिजन कंपनीत टायपिस्ट-सेक्रेटरी म्हणून सुरुवात. 1958 साली एका नाटकाचं थेट प्रक्षेपण चालू असताना एक कलाकार दगावला. दिग्दर्शक नाटक सावरायला फ्लोअरवर धावले आणि कॅमेऱ्यांचं नियंत्रण प्रॉडक्शन असिस्टंट असलेल्या लॅम्बर्ट यांनी घेतलं. 1963 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्या बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या निर्मात्या झाल्या. पुढे थेम्स टेलिव्हिजनमध्ये ड्रामा विभागाच्या प्रमुख, आणि 1985 मध्ये स्वतःची कंपनी.

मी चॅनलच्या बाजूला गेलो तो बऱ्याच उशिरा. पगार वाढला, सेट सुटला. तिथं दिवसभर दुसऱ्यांच्या कथा वाचायच्या आणि बहुतेकांना नाही म्हणायचं. सुरुवातीला मी ‘सीन कमकुवत वाटतोय’ असल्या नोट्स द्यायचो. सेटवर असताना याच नोट्सना आम्ही शिव्या घालायचो! आता कुठल्या वाक्याला माझं लक्ष उडालं तेवढंच सांगतो. दुरुस्ती लेखकाची.

नव्यांच्या मुलाखतीत मी विचारतो, उद्या मुख्य कलाकार आलाच नाही तर पहिला फोन कोणाला कराल? बहुतेक जण चॅनलचं नाव घेतात. मागे एका मुलीनं सांगितलं, ‘लेखकाला. त्या कलाकाराशिवायचे कुठले सीन तयार आहेत ते विचारीन.’ सोमवारपासून ती कामाला आली.