शिपिंग बिल भरताना या चुका टाळा

आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर सगळं ऑनलाइन आहे, म्हणजे शिपिंग बिल (निर्यात मालाची कस्टम्सकडे केलेली घोषणा) नंतर कधीही दुरुस्त होईल, असा नव्या निर्यातदारांचा पक्का समज असतो. एलईओ, म्हणजे माल पाठवायची कस्टम्सची परवानगी, मिळेपर्यंत बदल त्यातल्या त्यात सोपा. पण ईजीएम, म्हणजे देशाबाहेर निघालेल्या मालाची वाहतूकदारानं दिलेली यादी, दाखल झाला की तोच बदल कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली अर्ज, पुरावे आणि हेलपाटे मागतो. कस्टम्सचे कागद भरणारा ब्रोकर सबमिट करण्याआधी चेकलिस्ट (भरलेल्या बिलाचा मसुदा) पाठवतो, आणि चूक फुकटात सुधारण्याची हीच वेळ. नेमकी तीच फाइल न उघडता व्हॉट्सॲपवर ‘ओके’ टाकला जातो.

सगळ्यात जास्त छळणारी चूक इनव्हॉइस नंबरची. आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) भरून निर्यात केली की रिफंडसाठी वेगळा अर्ज नसतो, शिपिंग बिल हाच अर्ज. त्यातला इनव्हॉइस नंबर जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न) च्या तक्ता 6ए मधल्या नंबराशी जुळवला जातो. कारखान्यात होतं असं: अकाउंट्सवाले जीएसटीचं इनव्हॉइस काढतात ‘ईएक्सपी/024’ नावानं आणि एक्स्पोर्टचा माणूस बायरसाठी दुसरं बनवतो, ‘ईएक्स-24’. ब्रोकरच्या हाती दुसरं लागतं. माल जातो, डॉलर येतात, रिफंड येत नाही. अकाउंट्स म्हणतं ब्रोकरला विचारा, ब्रोकर म्हणतो सिस्टिम स्लो आहे. तीन-चार महिन्यांनी कोणीतरी आइसगेटवर स्टेटस उघडतं तर तिथे एसबी005, म्हणजे इनव्हॉइस नंबर जुळत नसल्याचा कोड. तोवर त्याच पद्धतीनं आणखी डझनभर कन्साइनमेंट गेलेल्या असतात.

यावर उपाय कोणता, हे चूक कुठे झाली त्यावर ठरतं. चूक जीएसटीआर-1 मध्ये असेल तर पुढच्या रिटर्नमध्ये तक्ता 9ए मधून दुरुस्ती करा. शिपिंग बिलातच बायरचा नंबर गेला असेल तर दोन्ही नंबर समोरासमोर मांडलेला तक्ता सही करून कस्टम्सला द्यावा लागतो आणि अधिकारी ते हाताने जुळवतो. 2021 पासून या सोयीला प्रत्येक शिपिंग बिलामागे 1,000 रुपये फी आहे. घाईघाईत जीएसटीआर-1 मध्येच बायरचा नंबर टाकून ‘जुळवून घेण्याचा’ शॉर्टकट मारू नका. त्यानं हिशेबाच्या वह्या आणि रिटर्न यांची फारकत होते. खरं तर दोन सीरिज ठेवायच्याच कशाला? जीएसटीचं इनव्हॉइस तेच बायरचं इनव्हॉइस, 16 अक्षरांच्या आत, डॅश आणि स्लॅशखेरीज दुसरं चिन्ह नाही.

दुसरी चूक एका अक्षराची. रोडटेप, म्हणजे निर्यात मालावर बसलेले आणि इतर कुठून परत न मिळणारे कर परत देणारी योजना, हवं असेल तर प्रत्येक आयटमपुढे ‘रोडटेपवाय’ घोषित करावं लागतं, नको असेल तर ‘रोडटेपएन’. जुन्या बिलाची कॉपी करून नवं भरलं की जुन्यातला ‘एन’ मुकाट्यानं सोबत येतो. ईजीएमनंतर हा दावा बदलू दिला जात नाही. दहा आयटम असतील तर दहाही ओळींवर बोट ठेवून वाचा. पहिली ओळ बरोबर आहे म्हणून बाकीच्या बरोबर असतील असं धरू नका.

युनिटचंही तेच. माल 500 डझन आणि कॉलममध्ये 500 नग लिहिले, तर नगाची किंमत बारापट दिसते आणि अधिकाऱ्याचा प्रश्न येतो. काही मालावर रोडटेपला प्रतियुनिट कमाल मर्यादा आहे, तिथे रक्कमही बाराव्या हिश्श्यावर येऊ शकते. कस्टम्स टॅरिफमध्ये मालाच्या आठ अंकी कोडापुढे जे युनिट छापलंय, तेच वापरा.

मूळ जिल्हा म्हणजे माल जिथे तयार झाला तो. नाशिकची द्राक्षं न्हावाशेवाहून जातात म्हणून ‘रायगड’ लिहायचं नसतं. हे आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएसकडे (व्यापाराची आकडेवारी ठेवणारं सरकारी कार्यालय) जातात, जिल्ह्याची निर्यात त्यावरून मोजली जाते.

सीआयएफ इनव्हॉइस (किमतीत फ्रेट, म्हणजे मालभाडं, आणि विमा धरलेलं) असेल तर फ्रेट आणि विमा त्यांच्या त्यांच्या रकान्यात टाका, नाहीतर एफओबी, म्हणजे हे दोन्ही वगळून मालाची किंमत, फुगतो. ई-संचितचा (कस्टम्सला कागद अपलोड करायची सोय) आयआरएन हा कागदाचा नंबर आणि ई-इनव्हॉइसचा 64 अक्षरांचा आयआरएन हे दोन वेगळे प्राणी आहेत. पोर्ट कोड पाठ आहे असं समजू नका, न्हावाशेवा आयएनएनएसए1, मुंबई विमानतळ आयएनबीओएम4.

आयात करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री (आयातीची कस्टम्स घोषणा) जहाज येण्याच्या आदल्या दिवसअखेर भरलेली हवी, तो दिवस सुट्टीचा असला तरी. विमानमाल आणि शेजारच्या काही देशांतून येणारा माल यांना थोडी सूट आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. तीस दिवस आधीपासून भरता येते, तरी लोक कंटेनर उतरल्यावर इनव्हॉइस शोधायला लागतात.

ईजीएम मात्र शिपिंग लाइननं भरायचा असतो. इथे सगळ्यांचं घोडं पेंड खातं, विशेषतः माल आयसीडीतून (बंदरापासून दूरचा कंटेनर डेपो) निघाला असेल तर. कंटेनर आणि पॅकेजची संख्या शिपिंग बिलाशी जुळली नाही तर रिफंड अडकतो. जहाज सुटल्यावर आठवड्याभरात आइसगेटवर स्टेटस स्वतः बघा. एसबी002 (ईजीएम भरलेला नाही) किंवा एसबी006 (आयसीडीच्या मालाचा बंदरावरचा ईजीएम नाही) दिसला तर शिपिंग लाइनला ईमेल करा, फोनवर विसंबू नका. एसबी000 (सगळं जुळलं) आला की मगच फाइल कपाटात ठेवा.