खचलेली डोंगरवाट श्रमदानातून कशी दुरुस्त करावी

सह्याद्रीतली वाट बिघडवतं ते मुख्यतः पाणी. ते वाटेवरूनच धावू लागलं की मुरूम वाहून जातो, दगड उघडे पडतात, लोक कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात करा. पाणी वाटेत कुठे शिरतं, कुठे बाहेर पडतं, तिथले फोटो घ्या. खणकाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, माती ओलसर असताना. कोरडी माती ठोकूनही बसत नाही.

परवानगीला वेळ लागतो, अर्ज पाहणीनंतर लगेच द्या. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात नकाशा, कामाचं स्वरूप, तारखा आणि माणसांची संख्या लिहून द्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वन्यजीव विभागाला विचारावं लागतं. संरक्षित किल्ला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, ज्याच्याकडे तो असेल त्याची संमती हवी. किल्ल्यावरचा घडीव दगड पायरीसाठी उचलू नका. त्याच्या जागेवरून इतिहास वाचता येतो.

पायथ्याचं गाव पहिल्या बैठकीपासून सोबत हवं. गुरं कुठून जातात, जुनी वाट कुठली, हे गुराख्यांना ठाऊक असतं. चुन्या-सिमेंटाशिवाय गडगा रचणारा माणूस गावातच मिळतो. त्याला रीतसर मजुरी द्या आणि दगडाच्या कामात त्याचाच शब्द शेवटचा ठेवा.

पाच-सहा जणांची एक तुकडी, तिला एक प्रमुख. तुकडीमागे दोन टिकाव, दोन फावडी, एक पहार, चार घमेली. टिकाव चालवणाऱ्यांत तीन मीटर अंतर हवं. दगड हलवताना खालच्या वळणावर कुणीही थांबू नये, ही बाब अजिबात सैल सोडू नका.

वाटेला दरीकडे मीटरला पाचेक सेंटिमीटर ढाळ द्या. जिथे तेवढ्याने भागत नाही, तिथे दगडांचा तिरपा बांध घाला, वाटेशी साधारण ४५ अंशांत. काटकोनात घातला तर मागे गाळ साचतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी वरून उडी मारतं. प्रत्येक दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत हवा. वर उभं राहून डुगडुगला तर काढून पुन्हा बसवा. बांधाच्या खालच्या टोकाला पाणी जायला फूट-दीड फूट रुंदीची मोकळी नाळ ठेवा. खड्या चढावर असे बांध दर दहा-पंधरा मीटरवर लागतात.

पायऱ्या खालून वर रचायच्या. वरचा दगड खालच्याच्या मागच्या कडेवर टेकला पाहिजे. उंची १५ ते २० सेंटिमीटर. त्याहून जास्त झाली की लोक पायरी सोडून बाजूने उतरतात आणि तिथे नवी घळ पडते. वळणं तोडणाऱ्या चोरवाटा दोन्ही तोंडांशी ओबडधोबड दगड रचून बंद करा. एकच तोंड बुजवलं तर दुसऱ्या बाजूने येणारा सरळ आत शिरतो.

नाळा दरवर्षी गाळाने भरतात. त्या मे अखेरीस कोण उपसणार, अवजारं कुठे राहणार आणि मजुरी कोण देणार, हे ग्रामपंचायत, वनव्यवस्थापन समिती आणि श्रमदान करणारी संस्था यांच्यात काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवा.