लेन्सला पाणी लावू नका, बाकीचं नंतर बोलू

पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात कॉन्टॅक्ट लेन्स बसवून देते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगते, लेन्स ठेवायच्या या डबीत, म्हणजे केसमध्ये, पाणी जाता कामा नये. सगळे माना डोलावतात. महिन्याने तीच केस समोर येते, बेसिनवर विसळलेली, तळाशी बुळबुळीत थर.

"ताई, आमच्याकडे आरओ आहे." असू दे हो. नळ, टँकर, बोअर, गच्चीवरची टाकी, कुठेही ॲकँथामीबा हा डोळ्यांना न दिसणारा अमीबा असू शकतो. नळाच्या क्लोरीनला तो दाद देत नाही, दुहेरी कवच करून पडून राहतो. ते पाणी पोटात गेलं तर सहसा काही बिघडत नाही. लेन्सखाली सापडला तर बुबुळ पोखरतो. असं क्वचितच होतं, पण ज्याचं होतं त्याला विचारा.

कोथरूडला हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा. लेन्स बुडवून ठेवायचं सोल्युशन संपलं, दुसऱ्या दिवशी सबमिशन, म्हणून लेन्स दोन रात्री वाटीत नळाच्या पाण्यात. डोळा लाल झाला तसे मेडिकलमधून ड्रॉप्स आणले. त्यात स्टेरॉइड होतं. लाली उतरली, गडी खूश, आत अमीबाला रान मोकळं. तिसऱ्या आठवड्यात मोबाइलचा उजेडही सोसवेना. आधी नागिणीच्या विषाणूचा संसर्ग समजून औषध झालं, मग बुबुळ खरवडून तपासलं तेव्हा अमीबा सापडला. मग अमीबा मारणारे पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडिनचे थेंब, सुरुवातीला रात्रंदिवस तासातासाला. आई गावाहून येऊन गजर लावून उठायची. सात महिने. बुबुळावरचा डाग राहिलाच, तो चष्म्याने जात नाही. वाचवले किती, तर सोल्युशनच्या बाटलीचे पैसे!

कालच्या सोल्युशनमध्ये आजचं ओतू नका. २००६ मध्ये फ्युझेरियम बुरशीची साथ आली, एक सोल्युशन जगभरातून परत घ्यावं लागलं, आणि ही वरून भर घालायची सवयही तेव्हा चर्चेत होती. मी केस सोल्युशननेच धुते, टिश्यूवर उपडी वाळवते, तीन महिन्यांनी फेकते.

लेन्स घालून झोपणं: सुडोमोनास नावाचा जिवाणू दोन दिवसांत बुबुळाला भोक पाडू शकतो. थुंकी लावणाऱ्यांशी मी बोलतच नाही. पोहायला जाता? नंबरचा गॉगल करून घ्या. आणि घाईवाल्यांनो, हात धुतल्यावर पुसायचेही असतात.

डोळा दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मेडिकलवाल्याकडे नाही. लेन्स आणि केस फेकू नका, सोबत न्या. तपासायला लागतात.