ब्रेन इमेजिंगवर प्रबंध करताय? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. नागपूरचं ऊन, खोलीत कुलर फुल स्पीडवर. आमचा एक विद्यार्थी ईईजीच्या (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली वीज मोजतात, त्याच्या) स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, गॅमा किती मस्त येऊन राह्यला पहा!" पाहिलं तर सगळ्या चॅनेलवर 50 हर्ट्झला सुईसारखं उभं टोक. मी उठले, कुलरचा प्लग काढला. गॅमा गायब!

गॅमा ही मेंदूची जलद लय, 50 हर्ट्झ तिच्याच टप्प्यात येतात. आपल्याकडची वीजही 50 हर्ट्झची, म्हणून हा घोटाळा होतो. मेंदूची लय डोक्याच्या एका भागात ठसठशीत तर दुसऱ्यात फिकी असते; विजेचं टोक मात्र बारीक आणि जिथेतिथे. लगेच नॉच फिल्टर (तेवढीच एक वारंवारता गाळणारा) लावून मोकळे होऊ नका. आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घ्या, ग्राउंडचा इलेक्ट्रोड सैल आहे का ते बघा. कुलर बंद केला की घाम येतो आणि घामाने सिग्नल हळूहळू वरखाली तरंगायला लागतो, म्हणून उन्हाळ्यात खोली आधीच गार करून ठेवा. आणि बोलावतानाच सांगा: आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, तेल लावू नका. उन्हाळ्यात थंडावा म्हणून लोक डोक्यावर तेल थापून येतात, मग इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विजेला होणारा अडथळा, काही केल्या उतरत नाही.

एफएमआरआयमधल्या, म्हणजे काम करत्या मेंदूच्या एमआरआय स्कॅनमधल्या, चुका महाग पडतात. पहिली म्हणजे "हा भाग पेटला" ही भाषा. मशीनला न्यूरॉन दिसत नाहीत. दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, तोही घटनेनंतर 5-6 सेकंदांनी शिगेला पोचणारा. 3 मिलिमीटरच्या एका व्होक्सेलमध्ये (चित्राच्या सगळ्यात छोट्या घन ठोकळ्यात) लाखो न्यूरॉन असतात. तेव्हा "अमिग्डाला (मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग) सक्रिय, म्हणजे माणूस घाबरला" असं उलटं अनुमान काढू नका. अमिग्डाला बक्षिसानेही जागा होतो, नवलाईनेही. इतवारीच्या बाजारात गर्दी दिसली म्हणजे दिवाळीची खरेदीच असं थोडंच असतं? मारबतीची मिरवणूकही निघाली असेल.

आकडेमोडीतली चूक तर गणितातच दिसते. 1 लाख व्होक्सेल, प्रत्येकाची वेगळी चाचणी, आणि 0.05 ची पातळी (म्हणजे निव्वळ योगायोगाने चुकण्याची 5 टक्के मुभा): काहीच घडलेलं नसताना सुमारे 5 हजार ठिपके "सक्रिय" निघतील. 2009 मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून हेच दाखवलं; इतक्या चाचण्यांसाठी लागणारी सांख्यिकी दुरुस्ती न केल्यावर त्याच्या मेंदूतही ठिपके उमटले. दुरुस्ती केली तरी निश्चिंत होऊ नका. 2020 च्या एका अभ्यासात एकच डेटा संशोधकांच्या 70 गटांना दिला होता. कोणत्याही दोघांची पद्धत तंतोतंत जुळली नाही, निष्कर्षही काही बाबतींत वेगळे आले. म्हणून विश्लेषणाच्या पायऱ्या डेटा उघडण्याआधीच लिहून ठेवा.

स्कॅनरमध्ये डोकं हलणं ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भानगड. मिलिमीटरभरसुद्धा हालचाल नसते, पण तेवढ्यानेही मेंदूच्या दोन भागांमधली जोडणी कमी-जास्त दिसते. मुलं आणि रुग्ण जास्त हलतात. मग जो फरक आजाराचा म्हणून छापता, तो चुळबुळीचा निघतो. आजारी आणि निरोगी, दोन्ही गटांची हालचाल मोजून शेजारी शेजारी ठेवा. चहाचंही विचारा. कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून एक गट तर्री-पोह्यांवर चहा मारून आलेला आणि दुसरा उपाशीपोटी, असं चालत नाही.

20 जणांत एकाच माणसाच्या दोन अवस्थांची तुलना जमू शकते. स्वभाव किंवा बुद्धीशी संबंध जोडायला मात्र हजारो माणसं लागतात.

मशीन मोकळी आहे म्हणून प्रश्न ठरवू नका. "केव्हा" हवं असेल तर ईईजी, "कुठे" हवं असेल तर एफएमआरआय. रिसेप्टर (पेशींवरची रासायनिक संदेश घेणारी जागा) बघायचे तर पेट स्कॅन, पण त्यात किरणोत्सर्गी द्रव्य टोचावं लागतं. त्यासाठी वापरतात ते फ्लोरिन-18 तर 110 मिनिटांत निम्मं होतं. एफएनआयआरएस, म्हणजे डोक्यावरून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, नेता येतं कुठेही, पण त्याचा प्रकाश दोनेक सेंटीमीटरच आत जातो, आणि आपले दाट काळे केस त्यातलाही बराच गिळतात.

आणि "तिथे काहीच सापडलं नाही" लिहिण्याआधी मूळ चित्र उघडा. कपाळामागच्या सायनसमधल्या हवेमुळे एफएमआरआयमध्ये डोळ्यांच्या वरचा भाग अनेकदा काळा पडतो. तिथे सिग्नलच नसेल, तर सापडणार काय?