खोल पाण्यातलं प्रवाळ टाकीत आणताना उजेड किती ठेवायचा

खोल पाण्यातलं प्रवाळ खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीत दगावतं ते अंधारापेक्षा उजेडानेच जास्त. तुकडा खुलून दिसावा म्हणून पहिल्याच दिवशी दिव्याखाली मधोमध ठेवला जातो, आठ-दहा दिवसांत तो फिका पडतो आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

आणलेल्या प्रवाळाच्या अंगात उजेडावर अन्न बनवणारं शैवाल आहे की नाही, हे सगळ्यात आधी पक्कं करा. ट्युबास्ट्रिया, डेंड्रोफिलिया आणि थंड समुद्रातलं लोफेलिया यांच्यात शैवाल नसतं. त्यांना दिव्याचं काही देणंघेणं नाही; एकेका पॉलिपला (वसाहतीतल्या एकेका छोट्या जिवाला) खाऊ घालावं लागतं. इथे विचार केला आहे तो लेप्टोसेरिस, पॅकिसेरिस, इकिनोफिलिया, ऑक्सिपोरा अशा पातळ, ताटलीसारख्या वाढणाऱ्या प्रवाळांचा. यातलं लेप्टोसेरिस हवाईएन्सिस फ्रेंच पॉलिनेशियात १७२ मीटर खोलीवर, शैवालासकट जिवंत सापडलं आहे. शक्यतो टाकीतच वाढवलेल्या वसाहतीचा तुकडा घ्या. दगडी प्रवाळं साइट्स (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात आणि काही देशांत ती बाळगायलाच बंदी आहे, म्हणून कायदा आधी पाहा.

हे शैवाल, म्हणजे झूझँथेली, प्रवाळाच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये राहतं. एकेक पेशी ६ ते १२ मायक्रॉनची, आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा दहा लाखांच्या आसपास. प्रवाळाच्या अन्नाचा मोठा वाटा त्यांनी बनवलेल्या साखरेतून येतो. मंद उजेडात ही पेशी आपल्यातलं हरितद्रव्य आणि पेरिडिनिन (उजेड शोषणारं आणखी एक रंगद्रव्य) वाढवते, म्हणजे उजेड पकडायचं जाळं मोठं करते. त्याच मोठ्या जाळ्यावर अचानक भरपूर उजेड पडला की एवढी ऊर्जा वापरायला ती कमी पडते. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, पेशीतली प्रकाशयंत्रणा मोडते आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं. जाळं आवरतं घ्यायला पेशीला दोन ते चार आठवडे लागतात. खालचं सगळं वेळापत्रक या एका आकड्यावर बेतलेलं आहे.

भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर सुमारे २,००० मायक्रोमोल (प्रकाशकणांचं माप; प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद) उजेड असतो. निवळ उष्ण समुद्रात साधारण १०० मीटरवर त्याचा जेमतेम एक टक्का, म्हणजे २० उरतो, आणि तो जवळपास सगळा निळा असतो. टाकीत उथळ पाण्यातल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळासाठी लावलेला दिवा सहज २५० ते ३५० देतो.

म्हणून मोजल्याशिवाय तुकडा ठेवूच नका. लक्स-मीटर इथे फसवतो: तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्या उजेडाला बेतलेला असतो आणि निळ्या एलईडीखाली फार कमी आकडा दाखवतो. पार-मीटरच (वनस्पती-शैवालाला वापरता येणारा उजेड मोजणारं यंत्र) लागेल. जुने सेन्सर गडद निळा रंग कमी मोजतात, तेव्हा उत्पादकाने दिलेला दुरुस्ती गुणक लावा. सेन्सर नेमका तुकडा बसणार तिथे, तोंड वर करून धरा आणि आसपास चार-पाच ठिकाणी मोजा. भिंगं लावलेल्या एलईडीखाली तळहाताएवढ्या अंतरात आकडा दुप्पट होऊ शकतो.

सुरुवात २० ते ३० मायक्रोमोलवर करा. एवढा उजेड दिवसाला सहा तास, दोन्ही टोकांना तासाभराचा चढ-उतार. दिव्यातले निळे चॅनल, म्हणजे निळ्या रंगाचे एलईडी (४२० ते ४७० नॅनोमीटर) मुख्य ठेवा, पांढरा १० ते २० टक्के, लाल बंद. टाकीत इतर प्रवाळं असल्याने दिवा कमी करता येत नसेल, तर तुकड्याच्या वर प्लास्टिकच्या मच्छरजाळीचे दोन-तीन थर ताणा आणि जाळीखाली पुन्हा मोजा. पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका. नंतर दर आठवड्याला ५ ते १० मायक्रोमोल वाढवा, तेही रंग टिकून असेल तरच. लेप्टोसेरिस ४० ते ६० वर छान राहतं. इकिनोफिलिया आणि ऑक्सिपोरा ८० पर्यंत नेता येतात. त्यापुढे जाऊन हाती काही लागत नाही. ज्या आठवड्यात उजेड वाढवला, त्या आठवड्यात तुकड्याची जागा हलवू नका. नाहीतर बिघडलं तर कशामुळे, ते कळणार नाही.

केशरी-लाल चमक पाहून याला जास्त उजेड हवा, असा अंदाज बांधला जातो. तो उलटा आहे. खोलवरच्या काही प्रवाळांतली लाल प्रथिनं निळा उजेड शोषून केशरी-लाल सोडतात, आणि तो ऊतींमध्ये जास्त आत पोहोचतो. ती टंचाईतली सोय आहे.

ताटली आडवी न ठेवता ४५ अंशांत कलती ठेवा. सरळ वरून पडणारा उजेड तेवढ्यानेच सुमारे ३० टक्के कमी होतो, शिवाय गाळ घसरून जातो. आडव्या ताटलीच्या खोलगट मधल्या भागात गाळ साचला की त्याखालची ऊती काही दिवसांत मरते. प्रवाह मध्यम आणि फिरता हवा, थेट झोत नको.

पाणी: तापमान २४ ते २६ अंश, क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची क्षमता) ७.५ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,२८० ते १,३५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). नायट्रेट ३ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०८ पीपीएम ठेवा. इथे ‘जितकं स्वच्छ तितकं चांगलं’ चालत नाही. नायट्रेट आहे पण फॉस्फेट शून्य, ही जोडी सगळ्यात वाईट: फॉस्फरसची उपासमार झालेलं शैवाल एरवी सोसला असता तेवढ्या उजेडात आणि उष्णतेतही कोलमडतं. फॉस्फेट शोषणारं माध्यम जोरात चालू असेल तर आधी ते काढा. पाणी २८ अंशांवर गेलं, तर ते उतरेपर्यंत उजेड निम्मा करा.

खाणं आठवड्यातून दोन-तीनदा, दिवे गेल्यावर तासाभराने. पंप १५ ते २० मिनिटं बंद करून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीसारख्या जिवाची) नुकती फुटलेली पिल्लं किंवा रोटिफर (सूक्ष्म जलजीव) पिपेटने हलकेच सोडा. मोठे तुकडे या प्रवाळांच्या बारीक तोंडात जात नाहीत. वर पडून सडतात.

रंग रोज एकाच वेळी, पांढऱ्या उजेडात पाहा. निळ्यात फिकेपणा लपतो. वरची बाजू फिकी आणि सावलीतली तपकिरी असेल, तर उजेड जास्त झाला: ताबडतोब मागच्या पायरीवर या. सगळीकडे सारखा फिकेपणा आला तर आधी फॉस्फेट तपासा. गडद, मळकट तपकिरी म्हणजे उजेड कमी किंवा पोषकद्रव्यं जास्त. त्यात घाई काहीच नाही.

पूर्ण पांढरा पडलेला तुकडा लगेच फेकू नका. भिंगातून पाहा. सांगाड्यावर पारदर्शक ऊती दिसत असतील, तर तो जिवंत आहे. उजेड २० वर आणा आणि खाणं रोज थोडंथोडं द्या. तपकिरी छटा परतायला चार ते आठ आठवडे लागू शकतात; तोवर उजेड वाढवू नका. कडेने ऊती सुटून उघडा सांगाडा दिसत असेल आणि त्यावर केसांसारखं हिरवं शेवाळ उगवत असेल, तर तो भाग गेला. जिवंत ऊतीत ५ ते १० मिलिमीटर आत शिरून कापा, उरलेला तुकडा नव्या आधारावर चिकटवा आणि वेळापत्रक पुन्हा पहिल्या दिवसापासून धरा.