लढाऊ वैमानिकाचं चरित्र तपासायला आलं तर कुठून सुरुवात करायची

१ जून ते ३१ जुलै आमच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या आणि माझं दुकान जाळी-दोऱ्याचं, त्यामुळे गिऱ्हाईक पण कमी. या दोन महिन्यांत मी मराठी विकिपीडियावरचे इतिहासाचे लेख तपासत बसतो. यंदा राजापूरच्या एका कॉलेजातल्या पोराने मेसेज केला, काका मी मातो दुकोवात्सवर लेख लिहिलाय, एकदा नजर घाला ना. दुकोवात्स म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला सगळ्यात जास्त पाडलेली विमानं नावावर असलेला क्रोएशियन पायलट. लेख चांगला होता, पोराने मेहनत घेतली होती, पण तपासताना जे जे सापडलं ते असल्या प्रत्येक लेखात सापडतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा पूर्ण लेख एकदा वाचा आणि काहीही दुरुस्त करू नका. हात शिवशिवतात, ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की बदलावंसं वाटतं, पण शुद्धलेखनात शिरलात की तासभर तेच करत बसाल आणि मूळ गोष्ट राहून जाईल. वाचून झालं की स्वतःला विचारा, हा माणूस कोण, कुणाच्या बाजूने लढला, युद्धानंतर त्याचं काय झालं. तिन्ही उत्तरं लेखातूनच मिळाली पाहिजेत.

मग थेट संदर्भांकडे जा. या लेखात सहा संदर्भ होते, बघायला भरगच्च, पण उघडून बघितल्यावर कळलं की चार वेबसाइटवर एकच परिच्छेद शब्दशः आहे. एकाच विहिरीचं पाणी चार कळशांत भरलं म्हणून चार विहिरी होत नाहीत. हे ओळखायचं कसं, तर एखादी विचित्र चूक पकडायची, चुकीचं स्पेलिंग किंवा चुकलेली तारीख, आणि ती बाकीच्या ठिकाणी पण तशीच आहे का बघायचं, असली तर सगळ्यांनी एकमेकांचं उचललंय. अशा वेळी लेखकाला सांगा की चारातले तीन काढ, एक ठेव, आणि शक्य असेल तर एक पुस्तक शोध ज्याचा पान नंबर देता येईल. पान नंबर नसलेला पुस्तकाचा संदर्भ मी तर मोजतच नाही, कारण तीनशे पानांत दुसरा माणूस ते वाक्य शोधणार कुठे.

आता आकडा, कारण लढाऊ वैमानिकाच्या चरित्रात सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. पोराने लिहिलं होतं 'त्याने ४४ विमाने पाडली'. दुकोवात्सच्या बाबतीत ४० ते ४४ असा आकडा दिला जातो, म्हणजे ही रेंज आहे, आणि त्यातला मोठा आकडा उचलून ठामपणे लिहिणं बरोबर नाही. ही रेंज का येते ते नीट समजून घ्या. पायलट खाली उतरल्यावर सांगतो की मी एक पाडलं, मग सोबतच्या पायलटने बघितलं का, जमिनीवरून कुणी बघितलं का, सांगाडा सापडला का, हे सगळं बघून वरचे लोक तो दावा मान्य करतात किंवा नाही. विमान समुद्रात किंवा शत्रूच्या हद्दीत पडलं तर सांगाडा कुठून आणणार. धूर सोडत ढगात गेलेलं विमान पडलंच असं नसतं, ते परत तळावर जाऊन उतरलेलं असू शकतं, आणि एकाच विमानावर दोघांनी गोळ्या झाडल्या तर दोघेही मनापासून ते आपलंच मानतात. यात कुणी खोटं बोलतोय असं नाही. आमच्याकडे लाटांच्या आड गेलेली होडी बंदरावरून बघणाऱ्याला बुडाली असंच वाटतं आणि अर्ध्या तासाने ती धक्क्याला लागते, तसंच आहे हे. म्हणून 'पाडली' असं छातीठोक क्रियापद सगळीकडे नको, 'त्याच्या नावावर ४० ते ४४ विमानं जमा आहेत' असं लिहा. 'नावावर' हा शब्द मराठीत आयता आहे आणि तो नेमकं तेवढंच सांगतो. दावे किती आणि मान्य झालेले किती हे पण वेगळं ठेवायला सांगा, दोन्ही एका वाक्यात मिसळले की वाचणारा फसतो.

मशीन ट्रान्सलेशन वापरलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं. या लेखात एका ठिकाणी 'त्याने ४४ हत्या केल्या' असं आलं होतं! आकडा विमानांचा होता, माणसांचा नव्हता, अर्थच पालटला. 'एक्का' पण दोनदा होता, इंग्रजी 'एस' (ace) चा पत्त्यातला अर्थ. फायटर एस हे लोकांना कळतं, तेच लिहा आणि पहिल्यांदा आलं की सांगा की साधारण पाच किंवा जास्त विमानं पाडणाऱ्याला असं म्हणतात.

जन्मगावावर पाच मिनिटं जास्त घालवा. दुकोवात्स २३ सप्टेंबर १९१८ ला सुर्चिनला जन्मला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, क्रोएशिया-स्लाव्होनियाच्या राज्यात होतं, १ डिसेंबर १९१८ ला सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन लोकांचं राज्य झालं, १९२९ मध्ये त्याचं नाव युगोस्लाव्हिया झालं आणि आज सुर्चिन सर्बियात आहे, बेलग्रेडचा विमानतळ तिथेच. म्हणजे 'जन्म: क्रोएशिया' लिहिलं तर आजचा नकाशा बघणारा गोंधळतो, आणि 'जन्म: युगोस्लाव्हिया' तर सरळ चूक, कारण तेव्हा तो देशच नव्हता. जन्माच्या दिवशी जे होतं ते लिहा आणि पुढे 'आता सर्बियात' एवढं जोडा.

युनिटचं नाव हा पुढचा खड्डा. तो ज्या तुकडीत होता ती १५ वी क्रोएशियन स्टाफेल, यागटगेश्वाडर ५२ या जर्मन लढाऊ विमानदलाची. लेखात होतं 'क्रोएशियन वायुसेनेची ५२ वी स्क्वाड्रन', यात दोन चुका आहेत. गेश्वाडर म्हणजे मोठं दल, त्यात तीन-चार ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपमध्ये साधारण तीन स्टाफेल, आपल्या स्क्वाड्रनच्या जवळ जाते ती स्टाफेल. आणि ही तुकडी क्रोएशियन हवाई लीजनची (स्वयंसेवकांच्या दलाची) असली तरी पूर्व आघाडीवर लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या हाताखाली लढत होती, मेसरश्मिट १०९ उडवत होती. याच ५२ मध्ये एरिक हार्टमान होता, ३५२ विमानं नावावर, इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा. ते एका वाक्यात आलं तर वाचणाऱ्याला अंदाज येतो की ही कसली तुकडी, पण अख्खा परिच्छेद हार्टमानवर नको, चरित्र त्याचं नाही. रँकचं पण बघा. क्रोएशियन सात्निक म्हणजे कॅप्टन आणि बोय्निक म्हणजे मेजर, त्याचं आपल्या हवाई दलाच्या पद्धतीने फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर करू नका, मूळ शब्द ठेवून बाजूला साधा अर्थ द्या.

नावं देवनागरीत लिहिताना आपल्याला खरं तर सोपं जातं, क्रोएशियन लिपीत लिहितात तसंच बोलतात. इंग्रजी वळणाने 'दुकोवॅक' लिहिलेलं दिसलं तर दुरुस्त करा. शेवटचा उच्चार आपल्या चटणीतल्या च सारखा आहे, चहातल्या सारखा नाही, पण नुसता च लिहिला तर वाचणारा कुठला धरेल सांगता येत नाही म्हणून त्स लिहिलेलं बरं. त्याच तुकडीतला त्स्वितान गालिच, त्याच्या आडनावात मात्र चहातला च. फ्रान्यो जाल या कमांडरच्या पहिल्या नावात (Franjo) इंग्रजी जे दिसतं तिथे य येतो. एकदा ठरवा आणि लेखभर तेच ठेवा.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सप्टेंबर १९४४ मध्ये दुकोवात्स विमान घेऊन सोव्हिएत बाजूला गेला. तिथून युगोस्लाव्हियात परतला, नव्या हवाई दलात शिकवायला लागला, आणि ऑगस्ट १९४५ मध्ये परत विमानानेच इटलीला निघून गेला. पोराच्या लेखात पहिल्या वेळी लिहिलं होतं 'फितूर झाला' आणि दुसऱ्या वेळी 'सुटका करून घेतली'. कृती तीच, विमान घेऊन पलीकडे जाणं, पण शब्द दोन, आणि दोन्ही शब्दांनी निकाल देऊन टाकला. फितूर म्हटलं की आपल्या डोक्यात किल्ल्याचे दरवाजे उघडणारा येतो, पक्षांतर म्हटलं की आमदार येतो. मी त्याला सांगितलं, दोन्हीकडे 'विमान घेऊन दुसऱ्या बाजूला गेला' असंच लिही, आणि का गेला हे कुणी अभ्यासकाने सांगितलं असेल तर त्याच्या नावाने लिही. तपासणाऱ्याने असे जोड-शब्द मुद्दाम शोधावेत, एकासाठी 'शहीद' आणि दुसऱ्यासाठी 'मारला गेला', एकासाठी 'पराक्रम' आणि दुसऱ्यासाठी 'हल्ला'. शूर, रणझुंजार, वीरगती हे शब्द तर सरसकट काढायला सांगा.

शब्द काढून पण लेख एकतर्फी राहू शकतो, जर भोवतालच गायब असेल. ६ एप्रिल १९४१ ला जर्मनी आणि त्याच्या साथीदार देशांनी युगोस्लाव्हियावर हल्ला केला, १० एप्रिलला झाग्रेबमध्ये स्वतंत्र क्रोएशिया राज्य जाहीर झालं, आणि ते नावालाच स्वतंत्र, आंते पावेलिचच्या उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेचं सरकार, ज्याने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली, यासेनोवात्सची छळछावणी त्यांचीच. लीजन या राज्याची होती. हे दोन-तीन वाक्यांत, संदर्भासकट, आलंच पाहिजे. पायलटने स्वतः काय केलं याचा पुरावा नसेल तर त्याच्या माथी काही मारायचं नाही, पण तो कुणासाठी उडत होता हे लपवायचं पण नाही. पोराला वाटत होतं की राजकारण टाकलं तर भांडणं होतील. होऊ देत, संदर्भ पक्का असला की वाक्य टिकतं.

वजन पण बघा, म्हणजे कशाला किती जागा दिलीय. इथे १९४३ च्या लढायांना नऊ परिच्छेद आणि १९४५ नंतरच्या ४५ वर्षांना एक ओळ होती. हा माणूस पुढे सीरियाच्या हवाई दलात गेला, १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात हार्वर्ड विमानं उडवली, मग कॅनडात स्थायिक झाला, १९९० मध्ये वारला. एवढं आयुष्य एका ओळीत बसत नाही. फोटोचं थोडक्यात सांगतो, नेटवर सापडलेला युनिफॉर्ममधला फोटो जुना आहे म्हणून आपोआप मोकळा होत नाही, परवाना दिसत नसेल तर काढायला सांगा.

अभिप्राय लिहिताना त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवा, खाली काय अडचण आहे ते एका ओळीत, आणि तुमचा पर्याय. 'भाषा सुधारा' असं मोघम लिहिलंत तर समोरचा करणार काय. जे केल्याशिवाय लेख पास होणार नाही ते आधी, आणि केलं तर बरं असं जे आहे ते नंतर, वेगळं. तुम्ही स्वतः सगळं बदलून टाकू नका, मी एकदा एका मुलीचा लेख अर्धा स्वतःच लिहून काढला होता आणि तिने परत कधी लेख पाठवला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि जे चांगलं झालंय ते नेमकं सांगा, या पोराने सीरियाबद्दलचा संदर्भ शोधला होता तो खरंच अवघड होता, ते मी पहिल्याच ओळीत लिहिलं.

आठ दिवसांनी त्याने परत पाठवला, मध्ये तीन दिवस त्यांच्याकडे लाइट नव्हती. मी फक्त बदललेली वाक्यं संदर्भाशी परत लावून बघितली, कारण दुरुस्ती करताना नवीन चूक हमखास घुसते, आणि घुसली होती पण, ऑगस्ट १९४५ चं ऑगस्ट १९४४ झालं होतं, म्हणजे सोव्हिएतांकडे जायच्या आधीच तो इटलीत पोचला होता. ते वर्ष नीट करून घेतलं आणि लेख पास केला.